धंद्याच्या मोबाइलची किल्ली कुणाकडे? एन्क्रिप्शन आणि सुरक्षेचे शब्द, पायरीपायरीने

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे अमळनेरकडच्या एका कापूस व्यापाऱ्याचे मुनीम होते. मी त्यांना मामा म्हणतो. आवाज पार बसलेला. "मना फोन हराई गया भाऊ. आते काय करू?" जळगाव स्टेशनवर गाडीतून उतरताना गर्दीत कुणीतरी खिशातून काढला होता.

त्या फोनमध्ये खेडा खरेदीचा सगळा पसारा होता. काटापट्ट्यांचे फोटो, शेतकऱ्यांच्या पासबुकांचे आणि आधारकार्डांचे फोटो, जिनिंगवाल्यांशी झालेली भावाची बोलणी. मी त्यांना धीर दिला, "मामा, फोन एन्क्रिप्टेड आहे, कुणाला उघडता येणार नाही." ते खरंच होतं. एन्क्रिप्टेड म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचताच येऊ नये अशी बदलून ठेवलेली. फोन उघडला गेला नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरेदीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या शेतकऱ्यांना मामांच्या नंबरवरून पैशांची मागणी गेली आणि एकाने आठ हजार रुपये पाठवलेसुद्धा.

चोराने फोनच्या कुलपाला हात लावलाच नव्हता. त्याने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं. त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, ओटीपी त्याच सिमवर आला, आणि ग्रुप आपोआप समोर उभे राहिले. मेमरी कार्डही त्याच्या हातात होतं, ते कुठल्याही कार्ड रीडरमध्ये उघडतं. फोन मीच लावून दिला होता. मी पिन ठेवला, कुलूप तपासलं, पण सिम आणि कार्ड माझ्याकडून राहून गेलं. जळगावात व्यापाऱ्यांच्या दुकानांतले संगणक आणि बिलिंग बघणं हेच माझं काम आहे, म्हणून ती गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून कुठल्याही दुकानाचा फोन लावताना मी प्रत्येक वस्तूपाशी थांबून एकच प्रश्न विचारतो: याची किल्ली कुणाकडे आहे? पुढचं सगळं त्या प्रश्नाच्या धाग्याने लिहिलं आहे.

कुलूप म्हणजे काय, ते आधी

जुन्या मराठी व्यापाऱ्यांत नंदभाषा चालायची. केवली म्हणजे एक, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. गिऱ्हाईक समोर उभं असताना दोघं भाव बोलायचे आणि त्याला पत्ता लागायचा नाही. पण ज्याला ती यादी पाठ झाली, त्याच्यापुढे साऱ्या बाजाराचं गुपित एकदम उघडं. कारण तिथे वेगळी किल्ली नव्हतीच. पद्धत हीच किल्ली होती.

आजच्या एन्क्रिप्शनचं याच्या बरोबर उलट आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ साली तत्त्व मांडलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. तुमच्या फोनमध्ये बहुधा एईएस नावाची पद्धत चालते. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती रचली, २००१ साली अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली आणि ती जगासमोर उघडी छापलेली आहे. 'एईएस २५६' असं लिहिलेलं दिसतं त्यातला २५६ हा किल्लीच्या लांबीचा आकडा. १२८ची किल्ली घेतली तरी शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. एकेक किल्ली लावून बघायचा मार्ग तिथेच बंद होतो. म्हणून कुलूप फोडायला कुणी जात नाही, सगळे किल्ली शोधतात.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे माहितीच्या तीन जागा. फोनच्या मेमरीत पडून असलेली माहिती तिजोरीतली. व्हॉट्सअ‍ॅपवरून निघालेली वाटेवरची. आणि फोन उघडा असताना पडद्यावर दिसते ती गल्ल्यावर मांडलेली. तिन्हींची कुलपं वेगळी आहेत, आणि तिसऱ्या जागेला कुलूप जवळजवळ नसतंच. विक्रेता "आमचं अ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे" म्हणतो तेव्हा तो यातल्या कुठल्या जागेबद्दल बोलतोय, एवढं विचारायला शिका. निम्म्या गोष्टी तिथेच स्पष्ट होतात.

पायरी १: फोनांची वही

सुरुवात साध्या वहीने करा. धंद्याचं काम ज्या ज्या फोनवर होतं तो प्रत्येक फोन लिहा, नोकराचा स्वतःचा असला तरी. मॉडेल, नंबर, फोन कुणाच्या हातात, आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. हा पंधरा अंकी क्रमांक *#०६# दाबलं की दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहा. खरेदीचं बिल त्याच पानाला टाचा. ही वही तिजोरीत ठेवायची. फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवला तर फोनबरोबर तोही जाईल.

त्याच पानावर सुरक्षा पॅचची तारीख लिहा. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीजवळ ती सापडते. पॅच म्हणजे सापडलेल्या भोकांना लावलेली ठिगळं. शेवटची तारीख वर्षापेक्षा जुनी असेल आणि नवं अपडेट येत नसेल, तर तो फोन काट्यावर फोटो काढायला चालेल, बँकेसाठी नाही. यात मी तडजोड करत नाही, शेठजी कितीही म्हणाले तरी.

पायरी २: तिजोरी, म्हणजे फोनचं स्वतःचं एन्क्रिप्शन

अँड्रॉइड १० किंवा पुढची आवृत्ती घेऊन कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक फोनला मेमरी एन्क्रिप्ट करणं सक्तीचं आहे. आयफोनमध्ये पासकोड लावला की ते आपोआप चालू होतं. खात्री करायची असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'एन्क्रिप्शन' लिहा. मेनू प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण 'फोन एन्क्रिप्टेड' अशी ओळ कुठेतरी मिळते.

आता प्रश्न किल्लीचा. तुम्ही टाकता तो पिन ही खरी किल्ली नाही. खरी लांबलचक किल्ली फोनच्या आतल्या सुरक्षित भागाच्या ताब्यात असते आणि तुमचा पिन बरोबर आल्याशिवाय ती तयार होत नाही. आयफोनमध्ये या भागाला सिक्युअर एन्क्लेव्ह म्हणतात, तो २०१३च्या ५एस मॉडेलपासून आहे. अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे नावं बदलतात. पिन चुकत गेला की हा भाग पुढच्या प्रयत्नासाठी जास्त जास्त थांबायला लावतो. म्हणून सहा आकडेही पुरतात.

चार आकड्यांचे पिन होतात दहा हजार, सहा आकड्यांचे दहा लाख. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नचे सगळे प्रकार मोजले तर ३,८९,११२ भरतात, म्हणजे सहा आकड्यांच्या निम्म्याहूनही कमी, शिवाय काचेवर बोटाचा माग राहतो तो वेगळा. पण हे गणित कधी खरं, तर पिनचे आकडे कशाशीही संबंध नसलेले, वाटेल तसे निवडले असतील तर. दुकानाचं स्थापनेचं साल, ट्रॅक्टरचा नंबर, मुलाची जन्मतारीख हे मी इतक्या दुकानांत पाहिलंय की पहिल्या चार-पाच प्रयत्नांत बरेच फोन उघडतील. आणि पाटीवर 'स्थापना' म्हणून लिहिलेला आकडा तर रस्त्यावरून दिसतो.

बोटाचा ठसा ठेवा, पण पिनच्या जोडीला. काट्यावर दिवसभर कापूस हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, ठसा लागत नाही, आणि मग माणूस कंटाळून लॉकच काढून टाकतो. अशांसाठी दोन-तीन बोटं नोंदवा, अंगठ्याची कडसुद्धा. स्वस्त अँड्रॉइडमधलं चेहऱ्याचं अनलॉक मात्र साध्या कॅमेऱ्यावर चालतं. धंद्याच्या फोनवर ते बंद ठेवा.

एक प्रयोग करून बघा. फोन बंद करून चालू करा आणि पिन टाकू नका. मग दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. नेहमी 'घरून' असं नाव येतं तिथे बहुतेक फोनांवर नुसता नंबर दिसेल, कारण नावांची यादी अजून कुलपात आहे. या अवस्थेला 'बिफोर फर्स्ट अनलॉक' म्हणतात, चालू केल्यानंतर पहिल्यांदा पिन टाकण्याआधीची अवस्था. एन्क्रिप्शन सगळ्यात घट्ट असतं ते या वेळी. एकदा पिन टाकला की किल्ली फोन बंद होईपर्यंत मेमरीत वावरते, पडदा काळा असला तरी. रात्रीच्या गाडीने सुरतला किंवा मुंबईला निघालात आणि झोपणार असाल, तर फोन पूर्ण बंद करून ठेवा. यापेक्षा स्वस्त सुरक्षा मला माहीत नाही.

आता मेमरी कार्ड. फोनची मेमरी एन्क्रिप्टेड असली तरी बाहेरून घातलेलं कार्ड सहसा नसतं. ते काढलं आणि दुसरीकडे घातलं की फोटो समोर. काही कंपन्या कार्ड एन्क्रिप्ट करायची सोय देतात, पण मग ते कार्ड फक्त त्याच फोनमध्ये चालतं, आणि फोन मेला की कार्डही गेलं. माझा सल्ला सरळ आहे: धंद्याच्या फोनमध्ये कार्ड नकोच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'साठवण्याची जागा' फोनच्या मेमरीवर आणा, जुने फोटो दुकानाच्या संगणकावर उतरवा, कार्ड काढून कपाटात ठेवा.

पायरी ३: सिमची वेगळी किल्ली

फोनचा पिन आणि सिमचा पिन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मामांच्या बाबतीत घात इथेच झाला. सिमला पिन लावला की ते दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी तो पिन मागतं. सेटिंग्जच्या सुरक्षा भागात 'सिम लॉक' शोधा.

इथे घाई करू नका. चालू करताना जुना पिन विचारला जातो, तो कंपनीने ठरवलेला असतो. तो कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा, अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की सिम अडतं आणि पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा कोड मागतं, तो आठ अंकी असतो. पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. जुना पिन मिळाला की लगेच स्वतःचा ठेवा आणि पीयूके वहीत लिहा.

त्याचबरोबर लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये 'संवेदनशील मजकूर लपवा' असं काहीसं असतं. कुलूप लावलेल्या फोनवर ओटीपी झळकत असेल तर चोराला फोन उघडायची गरजच नाही.

'सिम स्वॅप' हा शब्दही लक्षात ठेवा. यात चोर सिम चोरत नाही, तर तुमच्या नावाची कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं नवं सिम काढतो. रेंज असलेल्या जागी फोन अचानक 'नो सर्व्हिस' दाखवायला लागला आणि शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं सिम चालतंय, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला विचारा, मग बँकेला. जुलै २०२४पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, ते याच फसवणुकीला आळा घालायला.

पायरी ४: व्हॉट्सअ‍ॅप

खान्देशातला निम्मा व्यापार इथे चालतो. केळीचा भाव, मिरचीचा नमुना, गाडीची बिल्टी, सगळं. म्हणून इथे जरा थांबू.

गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून भाव ठरताना पाहिलाय ना? भोवती दहा माणसं उभी असतात, पण बोटं कुठली दाबली ते फक्त दोन हातांना कळतं. 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' म्हणजे तो रुमाल. २०१६पासून व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे वैयक्तिक संदेश आणि कॉल असे जातात, मधल्या सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या संगणकाला, मजकूर वाचता येत नाही. आता सौदा झाल्यावर दलालाने तो भाव चिठ्ठीवर लिहून ती उघड्या खिशात ठेवली, तर रुमालाचा काय उपयोग? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ती चिठ्ठी म्हणजे बॅकअप, चॅटची राखून ठेवलेली प्रत.

गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपणहून एंड-टू-एंड नसतो. ती सोय २०२१मध्ये आली, पण तुम्हाला स्वतः चालू करावी लागते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. घेतलीत तर ती वहीत जाते. हा पासवर्ड हरवला तर कुणीही, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा, तो परत देऊ शकत नाही. लोकांना हे ऐकून भीती वाटते. मी सांगतो, त्यांच्याकडे तुमची किल्ली नाही याचीच ती खूण आहे.

पुढे 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'. सेटिंग्जमध्ये खाते या भागात आहे. सहा आकड्यांचा पिन ठेवा, फोनच्या पिनपेक्षा वेगळा. मामांच्या नंबरवर हा असता तर सिम हातात असूनही चोराला लगेच खातं सुरू करता आलं नसतं. दोन मिनिटांचं काम. आज संध्याकाळी दुकान वाढवायच्या आधी करा.

आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'. एका खात्याला चार इतर उपकरणं जोडता येतात. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं, तिथे रुमाल तर आहे, पण त्याच्या आत पाच हात आहेत. एका केळी व्यापाऱ्याकडे मी ही यादी उघडली तेव्हा सहा महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपचं नाव तिथे होतं, आणि 'शेवटचं सक्रिय' म्हणून त्याच दिवसाची सकाळ. मालक बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. रोजचे भाव त्या मुलाला दिसत होते. दर महिन्याला ही यादी उघडा, ओळखू येत नाही ते लॉग आउट करा.

पायरी ५: वाटेवरची माहिती

ब्राउझरमधल्या 'एचटीटीपीएस'च्या मागे टीएलएस नावाची व्यवस्था असते. ती तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यातली वाट झाकते. समोरचा माणूस खरा आहे याची ती हमी देत नाही. खोट्या बँकेच्या पानालाही कुलूप असतं. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

व्हीपीएन म्हणजे तुमच्या फोनपासून कार्यालयाच्या किंवा सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरपर्यंतचा झाकलेला बोगदा. कंपनीच्या सर्व्हरवर काम असेल तर हवाच. बाकी दुकानदाराने फुकटचं व्हीपीएन अ‍ॅप घेऊ नये, कारण बोगद्याचा मालक तो अ‍ॅपवाला असतो, त्याला सारी ये-जा दिसते. लॉजवर किंवा स्टेशनवर फुकट वायफायपेक्षा आपला मोबाइल डेटा वापरा.

पायरी ६: पासवर्ड, ओटीपी, पासकी

'हॅश' हा शब्द कानावर येतो. दाण्याचं पीठ होतं, पिठाचा दाणा होत नाही. चांगली सेवा तुमचा पासवर्ड दळून ठेवते आणि पुढच्या वेळी पिठाशी पीठ ताडून बघते. 'पासवर्ड विसरलो' दाबल्यावर एखाद्या पोर्टलने तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर पाठवला, तर समजा की तिथे दाणे उघड्या पोत्यात आहेत. तो पासवर्ड इतर कुठेही वापरू नका.

एसएमएसवर येणारा ओटीपी रुमालाखालून येत नाही, आणि तो सिमच्या मागे जातो, माणसाच्या नाही. जिथे पर्याय असेल तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या. ते दर तीस सेकंदांनी नवा आकडा दाखवतं आणि त्याला रेंज लागत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडे सातपुड्यात फिरणाऱ्या वसुलीवाल्यांना याचं मोल लगेच कळतं: तिथे ओटीपीच्या मेसेजची वाट बघत टेकडी चढावी लागते, हा आकडा मात्र फोनमध्येच तयार होतो. फक्त फोनचं घड्याळ आपोआप वेळेवर ठेवा. त्या अ‍ॅपचे राखीव कोड वहीत.

पासकी हा यातला सगळ्यात नवा शब्द, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली. देवळातली दानपेटी आठवा. वरच्या फटीतून कुणीही पैसे टाकू शकतो, काढायची किल्ली मात्र विश्वस्तांकडेच. १९७६ साली डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी अशा दोन किल्ल्यांची कल्पना जगापुढे मांडली, एक सर्वांना द्यायची आणि एक जवळ ठेवायची. पासकीत तुमची जवळची किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातच नाही, आणि ती फक्त खऱ्या पत्त्यावरच चालते. खोट्या पानावर तुम्ही फसलात तरी द्यायला हातात काही नसतं. गूगल खात्याला पासकी आधी लावा, कारण फोन शोधणं, बॅकअप, मेल, सगळं त्या खात्याला बांधलेलं असतं.

पायरी ७: गल्ल्यावर मांडलेली माहिती

लग्नसराईत 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, शेवटी एपीके. कधी गाडीच्या चलानाच्या नावाने, कधी शेतकरी योजनेच्या. एपीके म्हणजे अ‍ॅप, पत्रिका नव्हे. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागतं, आणि एकदा दिली की पडद्यावरचं वाचतं, तुमच्या वतीने बटणंही दाबतं. इथे एईएस, रुमाल, तिजोरी, कशाचाच उपयोग नाही, कारण फोन तुम्ही स्वतः उघडलाय आणि चोर गल्ल्याच्या आत येऊन बसलाय.

सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या तिघांची परवानगी काढा. मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडून तिथे कोणकोणती अ‍ॅप चालू आहेत ते बघा. पडदा दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप कुणी फोनवर "बँकेतून बोलतोय" म्हणून घ्यायला लावत असेल, तर फोन ठेवून द्या.

पायरी ८: नोकराच्या स्वतःच्या फोनवर धंद्याचं काम

बहुतेक दुकानांत हेच असतं. मालकाला वाटतं फोन आपल्या ताब्यात हवा, पोराला वाटतं माझे घरचे फोटो यांनी का बघावे? दोघांचंही बरोबर आहे. यासाठी अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' असतो. फोनमध्ये धंद्याची वेगळी खोली होते, तिथल्या अ‍ॅपवर लहान ब्रीफकेसची खूण दिसते. मालकाला त्या खोलीपुरता अधिकार. माणूस काम सोडून गेला की तेवढी खोली दूरून पुसता येते, घरच्या फोटोंना धक्का लागत नाही. लावण्यापूर्वी त्या माणसाला समोर बसवून हे नीट सांगा.

हा कारभार चालवणाऱ्या व्यवस्थेला एमडीएम, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट म्हणतात. गूगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट इंट्यून ही त्यातली माहितीची नावं. दुकानाने स्वतः विकत घेतलेल्या फोनवर पूर्ण ताबाही ठेवता येतो: पिन सक्तीचा, ठरलेलीच अ‍ॅप. तीन-चार फोनांच्या दुकानाला मी एमडीएम सुचवत नाही, वही पुरते. दाळ मिल किंवा पाइप कारखान्यात पंधरा-वीस विक्री प्रतिनिधी फिरत असतील, तर त्याशिवाय निभाव लागणार नाही.

फोन गेलाच तर

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून हे छापून गल्ल्याच्या आत चिकटवा.

सर्वांत आधी दुसऱ्याच्या फोनवरून तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यात जाऊन फोन लॉक करा, हाती लागत नाही असं दिसलं तर पुसा. फोनला नेट आहे तोवरच हा हुकूम पोचतो. एन्क्रिप्टेड फोन पुसायला क्षण पुरतो, कारण तो सगळी माहिती खोडत बसत नाही, किल्ली नष्ट करतो. मग लगेच सिम बंद करायला कंपनीला फोन. मग बँक: यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा, तक्रारीचा क्रमांक घ्या.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तात्काळ फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, तो वाटेत अडवायचा तर तास-दीड तासही फार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन-ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

त्यानंतर पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि संचार साथी पोर्टलवर आयएमईआय रोखण्याचा अर्ज. वहीतला पंधरा अंकी क्रमांक इथे कामाला येतो. मग तो फोन भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आणि हो, ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून सांगा की या नंबरवरून मागणी आली तर पैसे देऊ नका. आम्ही हे बारा तास उशिरा केलं.

दुरुस्ती आणि विक्री

काच बदलायला दिलेल्या फोनबरोबर पिनची चिठ्ठी देण्याची पद्धत आहे. ती सोडा. काही फोनांत 'मेंटेनन्स मोड' किंवा 'रिपेअर मोड' असतो. तो चालू केला की कारागिराला स्पर्श, कॅमेरा, आवाज तपासता येतो, पण तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. तो नसेल तर समोर बसून काम करून घ्या. विकताना आधी गूगल खातं काढा आणि मग फॅक्टरी रिसेट करा. खातं तसंच राहिलं तर घेणाऱ्याला फोन जुनं खातं मागत राहू शकतो.

शेतकऱ्यांची कागदपत्रं

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. माहिती सांभाळण्यात हलगर्जी झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट जवळची वाटते. शेतकरी आपलं पासबुक तुमच्या मुनीमपुढे धरतो तेव्हा त्याने विश्वास ठेवलेला असतो. पैसे खात्यात जमा झाले की तो फोटो फोनमधून काढा, गॅलरीच्या कचरापेटीतूनही, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमधूनही. आधारची प्रत लागत असेल तर 'मास्क्ड आधार' घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फोनमध्ये नाही ते चोरीला जात नाही.

वहीचं वेळापत्रक मी आपल्या सणांना बांधून दिलंय, म्हणजे विसरत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार बदलतात, माणसं येतात-जातात, त्या दिवशी लिंक्ड डिव्हाइसेस आणि कोणता फोन कुणाकडे हे तपासायचं. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या येतात, तेव्हा पॅचच्या तारखा, पिन आणि राखीव कोड. मधे कुणी काम सोडलं तर त्याच संध्याकाळी.

मामांचा नवा फोन मी त्यांच्या ओट्यावर बसून लावला. कार्डाची खाच रिकामी ठेवली, सिमला पिन, व्हॉट्सअ‍ॅपला वेगळा पिन, बॅकअपला पासवर्ड. फोनचा सहा आकड्यांचा पिन टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी गळ्यातला रुमाल काढून हातावर टाकला आणि मला म्हणाले, "भाऊ, तिकडे बघ." मी तोंड फिरवलं.